थट्टा आणि तिची परतफेड

(द्वितीय वर्ष, कला)

‘हास्य ही साऱ्या मानवजातीची एकच भाषा आहे,’ हे वाक्य वक्तृत्व स्पर्धेत हमखास टाळ्या घेते. मीही ते एकदा म्हटले आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. परंतु थोडेफार वाचन झाल्यापासून ते वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळते. माणूस सगळीकडे हसतो हे खरे. पण तो कशाला हसतो, कोणाला हसतो आणि कोणाच्या देखत हसतो, हे मुलखामुलखांत वेगळे असते. इतकेच नव्हे, तर एकच भाषा बोलणाऱ्या दोन देशांतही ते वेगळे असू शकते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका ही त्याची मला सापडलेली उत्तम उदाहरणे.

एक प्रसंग सांगते. १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट व्हिक्टोरिया राज्यातील चेव्हियट बीच येथे समुद्रात पोहायला उतरले आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. त्यांचा मृतदेहही कधी सापडला नाही. मेलबर्नमधील प्रार्थनासभेला अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः हजर राहिले. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेने होल्ट यांच्या नावाची एक युद्धनौका पाण्यात सोडली. त्याच वर्षी मेलबर्नमध्येही त्यांच्या नावाचे एक स्मारक लोकांसाठी खुले झाले. ते कसले असेल? पोहण्याच्या तलावाचे!

तलाव होल्ट यांच्याच मतदारसंघातला होता, त्याचे काम आधीपासून चालू होते आणि नाव देणाऱ्यांच्या मनात निव्वळ आदर होता. तरी बुडालेल्या पंतप्रधानांच्या नावाचा पोहण्याचा तलाव ही गोष्ट ऑस्ट्रेलियन माणूस आजही मोठ्या प्रेमाने पाहुण्यांना सांगतो, आणि सांगताना चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. कोणी गुपचूप सटकला तर ‘त्याने हॅरॉल्ड होल्ट केला’ असा वाक्प्रचारसुद्धा तिकडे रूढ झाला. एका बाजूला युद्धनौका आणि दुसऱ्या बाजूला तलाव व वाक्प्रचार! मेलेल्या माणसाविषयी प्रेम दोघांनाही असेल, पण ते व्यक्त करण्याच्या तऱ्हा किती निराळ्या!

असे का व्हावे? दोन्ही देशांत इंग्रजांनी वसाहती केल्या, दोन्हीकडे इंग्रजी चालते, दोन्हीकडे अफाट मोकळा मुलूख होता आणि दोन्हीकडे तो मुळात दुसऱ्या कोणाचा तरी होता. मग हसण्यातच फरक का पडला?

याचे नेहमीचे उत्तर इतिहासात शोधतात. १६२० मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेले प्युरिटन पंथाचे लोक देवाने आपल्याला काही कार्यासाठी येथे आणले आहे अशा श्रद्धेने आले होते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तर सुखाचा शोध घेणे हा माणसाचा हक्क ठरला. जो वर चढला त्याचे कौतुक करायचे, ही रीत तेथे पडली. ऑस्ट्रेलियाची सुरुवात मात्र जानेवारी १७८८ मध्ये अकरा जहाजांतून आलेल्या बंदिवानांनी झाली. १८६८ पर्यंत सुमारे १ लाख ६२ हजार बंदिवान तिकडे धाडले गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर ते काळ्या पाण्यावर आलेले लोक. स्वतःला देवाचे लाडके समजण्याची त्यांना सोयच नव्हती! वर पाहिले तर चाबूक घेतलेला अधिकारी, खाली पाहिले तर कोरडी जमीन. अशा माणसाच्या हाती एकच शस्त्र उरते. अधिकाऱ्याला ‘होय साहेब’ म्हणायचे आणि पाठ वळताच त्याची नक्कल करायची.

अर्थात एवढ्यावर सगळा उलगडा होत नाही. १८५१ मध्ये सोने सापडल्यानंतर स्वखुशीने आलेल्या लोकांची संख्या बंदिवानांहून कितीतरी मोठी आहे. म्हणजे हा वारसा रक्ताचा नव्हे, रीतीचा आहे. नवा आलेला माणूस जुन्या माणसाकडून हसायला शिकला, एवढेच.

ही रीत दोन कथांमध्ये मला स्पष्ट दिसली. मार्क ट्वेनची १८६५ मधील उड्या मारणाऱ्या बेडकाची कथा अनेकांना माहीत असेल. पैजा लावण्याचा नाद असलेला एक गृहस्थ आपल्या तयार केलेल्या बेडकावर पैज लावतो. एक परका माणूस हळूच त्या बेडकाच्या पोटात बंदुकीचे छर्रे भरतो आणि पैज जिंकून चालू लागतो. हेन्री लॉसन या ऑस्ट्रेलियन लेखकाची १९०१ मधील कथा एका कुत्र्याची आहे. खाणीत काम करणारे तीन मित्र पाण्यात सुरुंग उडवून मासे मारायचे ठरवतात. त्यांचाच लाडका कुत्रा तो पेटलेला सुरुंग तोंडात धरून, शेपटी हलवत, मोठ्या प्रेमाने त्यांच्या मागे धावत सुटतो! अमेरिकन कथेत फजिती परका माणूस करतो. ऑस्ट्रेलियन कथेत फजिती आपलीच, आपल्याच माणसांत आणि आपल्याच कुत्र्याकडून होते. दोन कथांवरून दोन देश तोलू नयेत हे मी जाणते. परंतु पुढे जे जे वाचले, त्यात हा धागा मला पुनःपुन्हा भेटला.

अमेरिका हा परक्यांचा देश आहे. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरून १८९२ ते १९५४ या काळात १ कोटी २० लाखांहून अधिक माणसे त्या देशात शिरली. इटालियन, ज्यू, पोलिश, आयरिश अशा नाना तऱ्हेच्या माणसांनी भरलेल्या नाट्यगृहात ज्याला सर्वांना एकदम हसवायचे आहे, त्याला विनोद उघड करूनच सांगावा लागतो. आवाज मोठा, हातवारे मोठे, शेवटचा घाव नेमक्या जागी. ‘आता हसा’ अशी खूण हवीच. १९५० च्या सुमारास अमेरिकन दूरदर्शनने मुद्रित हास्य वापरायला सुरुवात केली. ती या खुणेचीच पुढची पायरी म्हणावी लागेल.

ऑस्ट्रेलियन माणूस ही खूण देत नाही. दिली तर त्याच्या मते विनोद मेला! दुष्काळात गुरे मेली तर ‘यंदा जरा कोरडेच आहे’ एवढेच म्हणायचे. मित्राने मोठा पराक्रम केला तर ‘बरे जमले तुला’ म्हणून सोडून द्यायचे. जो स्वतःला मोठा समजतो त्याला तिकडे ‘टॉल पॉपी’ म्हणतात. म्हणजे शेतात इतरांपेक्षा उंच वाढलेले खसखशीचे झाड. ते छाटायचे, हा जणू सार्वजनिक धर्मच आहे. आणि गंमत अशी, की ऑस्ट्रेलियन माणूस तुमच्याशी फार नम्रपणे बोलू लागला तर खुशाल समजावे की त्याने तुम्हाला दूर ठेवले आहे. शिवी दिली तर समजावे, जवळ घेतले!

याचे राष्ट्रीय उदाहरण १९८३ मध्ये घडले. ‘अमेरिकाज कप’ ही शिडाच्या नौकांच्या शर्यतीची ढाल १३२ वर्षे अमेरिकेकडेच होती. २६ सप्टेंबर १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाने ती जिंकली. पंतप्रधान बॉब हॉक ऑस्ट्रेलियाच्या नावाने रंगवलेला एक भडक कोट घालून दूरदर्शनवर आले आणि म्हणाले, आज कामावर आला नाही म्हणून जो मालक कामगाराला काढेल तो नालायक समजावा. असा पंतप्रधान पाहून लोकांची मान खाली गेली नाही. उलट हा आपल्यातलाच आहे, असे त्यांना वाटले.

त्याआधीचे उदाहरण तर विलक्षणच आहे. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरलने पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना पदच्युत केले. घटनेच्या दृष्टीने देशावर आलेला हा फार मोठा पेचप्रसंग. संसदेच्या पायऱ्यांवर संतप्त गर्दी जमली होती. त्या गर्दीत, त्याच पायऱ्यांवर, दाढी करताना कापलेल्या जागी कागदाचे कपटे चिकटवलेला नॉर्मन गन्स्टन उभा होता आणि भाषण करत होता. हा गन्स्टन म्हणजे गॅरी मॅकडोनल्ड या नटाने उभे केलेले विनोदी पात्र! अमेरिकेच्या इतिहासातील अशा एखाद्या क्षणी संसदेच्या पायरीवर विदूषक उभा आहे, ही कल्पना करून पाहा.

अमेरिकेत मोठ्यांची थट्टा होत नाही असे मात्र नाही. उलट ती खूपच होते. पण तिची वेळ, जागा आणि निमंत्रणपत्रिका ठरलेली असते. वॉशिंग्टनमधील वार्ताहरांच्या वार्षिक भोजनाला १९२४ पासून कित्येक अध्यक्ष जात आले, आणि तेथे अध्यक्षांची थट्टा करण्याचा प्रघात पडला. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबमुळे प्रसिद्धीस आलेला ‘रोस्ट’ हा प्रकार तर सत्काराचाच आहे. सत्कारमूर्तीला मध्ये बसवतात, मित्रमंडळी एकेक उठून त्याची साले काढतात आणि शेवटी सत्कारमूर्ती उठून सर्वांना उत्तर देतो. हा शेवटचा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दोन्ही रीती एकमेकांना भेटतात तेव्हा घोटाळा होतो. ‘कॅथ अँड किम’ ही मेलबर्नच्या उपनगरातील आई-मुलीची मालिका २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि अत्यंत लोकप्रिय झाली. मुलगी किम स्वतःला अप्सरा समजते. प्रेक्षकांना समोर दिसते ती चाळिशीकडची, कपड्यांत न मावणारी बाई. सगळा विनोद त्या दोन गोष्टींच्या मधल्या अंतरात आहे, आणि ते अंतर कोणी बोलून दाखवत नाही. २००८ मध्ये अमेरिकेने ही मालिका आपल्याकडे नव्याने केली तेव्हा किमच्या भूमिकेत एक सडपातळ, देखणी नटी घेतली. मग अंतर कसले आणि विनोद कसला! एका हंगामातच मालिका बंद पडली.

यावरून काही लोक घाईने निष्कर्ष काढतात, की अमेरिकन माणसाला वक्रोक्ती कळतच नाही. हे मला मुळीच पटत नाही. गंभीर चेहऱ्याने थापा मारण्यात मार्क ट्वेनचा हात कोण धरणार? हाच ट्वेन कर्ज फेडण्यासाठी १८९५ मध्ये जगभर व्याख्याने देत निघाला, तेव्हा ऑस्ट्रेलियात त्याने सभागृहे भरवली आणि जानेवारी १८९६ मध्ये तो आपल्या मुंबईतही आला होता. उलट बाजूने पाहिले तर बॅरी हम्फ्रीज या ऑस्ट्रेलियन नटाने १९५५ मध्ये जन्माला घातलेली डेम एडना न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना तोंडावर त्यांच्या कपड्यांवरून बोल लावत असे आणि प्रेक्षक तिकीट काढून तो अपमान करून घेत. २००० मध्ये त्या कार्यक्रमाला टोनी पुरस्कारही मिळाला. म्हणजे अमेरिकनांना थट्टा समजते आणि सोसतेही. त्यांना फक्त ती थट्टाच आहे हे आधी कळावे लागते.

तेव्हा खरा फरक बुद्धीचा नाही, गृहीत धरण्याचा आहे. ऑस्ट्रेलियन माणूस असे गृहीत धरतो, की आपण सगळे सारखे आहोत. म्हणून मी तुला काहीही म्हणेन आणि तूही मला म्हण. अमेरिकन माणूस असे गृहीत धरतो, की समोरचा परका आहे, त्याच्या मनाला काय लागेल ते मला ठाऊक नाही; म्हणून थट्टेभोवती कुंपण घालूया.

आता मला विचाराल तर पहिली रीत मनाला अधिक भावते. तिच्यात मोकळेपणा आहे, दांभिकपणाला जागा नाही. परंतु एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. आपण सगळे सारखे आहोत, हे खरे आहे का?

ज्या ऑस्ट्रेलियात सगळे एकमेकांना ‘मेट’ म्हणत, त्या देशाने १९०१ मध्येच कायदा करून गोऱ्या नसलेल्यांना दाराबाहेर ठेवले आणि ते धोरण १९७३ पर्यंत पुरते संपले नव्हते. तेथील मूळ रहिवाशांना देशाच्या लोकसंख्येत मोजायचे नाही, असे कलम राज्यघटनेत होते. ते काढण्यासाठी १९६७ मध्ये, होल्ट यांच्याच कारकिर्दीत, सार्वमत घ्यावे लागले. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला ही अभिमानाची गोष्ट खरी. पण ज्यांची गणतीच नव्हती ते थट्टेत तरी बरोबरीचे कसे असतील?

या प्रश्नाला २००९ मध्ये तोंड फुटले. ७ ऑक्टोबर रोजी ऑस्ट्रेलियन दूरदर्शनवर ‘हे हे इट्स सॅटरडे’ या जुन्या लोकप्रिय कार्यक्रमाचे विशेष पुनर्मीलन चालू होते. एका हौशी चमूने जॅक्सन बंधूंची नक्कल केली, आणि त्यासाठी तोंडाला काळा रंग फासला. हाच प्रकार त्यांनी १९८९ मध्ये त्याच कार्यक्रमात केला होता. परीक्षकांत अमेरिकन गायक हॅरी कॉनिक ज्युनियर होता. त्याने शून्य गुण दिले. आमच्या देशात काळ्या माणसांना विदूषक ठरवणे थांबावे म्हणून आम्ही फार कष्ट घेतले आहेत, अशा आशयाचे तो बोलला. सूत्रधाराने त्याची क्षमा मागितली. पण नंतर कित्येक ऑस्ट्रेलियनांचे म्हणणे पडले, की ही तर साधी गंमत होती. अमेरिकनच फार हळवे आहेत!

अमेरिकन जात्याच सभ्य आहेत असे मुळीच नाही. १८३० च्या दशकापासून जवळजवळ शंभर वर्षे तोंडाला काळे फासून निग्रोंची टवाळी करणारी नाटके अमेरिकेचीच आवडती करमणूक होती. तो हळवेपणा त्यांना उशिरा, चळवळी करून आणि मार खाऊन आलेला आहे. आणि आपणही हात झटकू नयेत. त्या ऑस्ट्रेलियन चमूत तोंडाला पांढरा रंग लावून मायकेल जॅक्सन झालेला माणूस भारतीय वंशाचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात भारतीय विद्यार्थ्यांनी मेलबर्नच्या रस्त्यावर आपल्यावरील हल्ल्यांविरुद्ध मोर्चा काढला होता. म्हणजे एकाच वर्षी, एकाच देशात आपली माणसे हसणाऱ्यांतही होती आणि मार खाणाऱ्यांतही.

मग थट्टा करूच नये काय? नाही, तसेही नाही. याचे उत्तर मला ऑस्ट्रेलियातच सापडले. १९८६ मध्ये तेथे ‘बाबाकिउएरिया’ नावाचा एक छोटा उपरोधिक चित्रपट निघाला. त्यात गणवेशातले मूळ रहिवासी होडीतून किनाऱ्यावर येतात. गोरे लोक तेथे सहलीला येऊन मांस भाजत बसलेले असतात. ‘या जागेला तुम्ही काय म्हणता?’ असे पाहुणे विचारतात. ‘बार्बेक्यू एरिया,’ असे उत्तर मिळते. झाले! देशाचे नाव बाबाकिउएरिया ठरते आणि काळे लोक गोऱ्यांच्या चालीरीतींचा अभ्यास करू लागतात. दोनशे वर्षांच्या थट्टेची ही परतफेड, आणि तीही अगदी ऑस्ट्रेलियन पद्धतीने, चेहऱ्यावरची रेष न हलवता.

येथे मला ‘रोस्ट’मधील तो शेवटचा भाग आठवतो. सत्कारमूर्तीला उत्तर देण्याचा हक्क असतो, म्हणूनच तो सत्कार असतो. तो हक्क काढून घेतला की उरते ती नुसती टवाळी.

हा सगळा विचार मी पुस्तकांवरूनच केला असे म्हणणे खोटे ठरेल. गेल्या वर्षी एका तासाला मी उतारा वाचायला उभी राहिले आणि माझ्या तोंडून ‘पाणी’चे ‘पानी’ झाले. आमच्या घरी सगळे तसेच बोलतात. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. मागचे दोन बाक हसले. पुढे महिनाभर मी दिसले की कोणी तरी ‘पानी’ मागत असे. मीही हसत असे. ‘अगं, गंमत केली, एवढं काय मनावर घ्यायचं!’ असे मला सांगण्यात आले, आणि मला विनोद कळत नाही की काय, अशी शंका माझी मलाच येऊ लागली.

पण सुट्टीत घरी गेले तेव्हा आत्या म्हणाली, ‘आली बया कालेजची मडम, हिला आता शेन उचलाया हातमोजं लागत्यात!’ मी लगेच म्हटले, ‘आन् तुझी भाकर बैलगाडीला चाक म्हनून चालंल!’ दोघी पोट धरून हसलो. आत्याचे बोलणे त्या ‘पानी’पेक्षा कितीतरी झोंबणारे होते. तरी ते लागले नाही, कारण तिला उत्तर देता येत होते. वर्गात मला उत्तर देता येत नव्हते. विनोद मला दोन्हीकडे कळला होता. हक्क मात्र एकाच ठिकाणी होता.

म्हणून माझे मत असे आहे. ऑस्ट्रेलियनांची मोकळी थट्टा श्रेष्ठ की अमेरिकनांची कुंपणातली, हा वाद मुळात महत्त्वाचा नाही. जेथे बरोबरी खरी आहे तेथे ऑस्ट्रेलियन व्हावे आणि जेथे ती अजून यायची आहे तेथे अमेरिकनांकडून सावधपणा शिकावा. ‘त्याला थट्टा सोसते का?’ असे आपण नेहमी विचारतो. तो प्रश्नच चुकीचा आहे. ‘त्याला उलट थट्टा करता येईल का, आणि केली तर आपल्याला सोसेल का?’ हे विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल हसावे.

मागच्या बाकांवरील मित्रमैत्रिणींनो, तुमच्या उच्चारांविषयी मलाही पुष्कळ सांगण्यासारखे आहे. या वर्षी मी ते सांगणार आहे. मनावर घेऊ नका!